ओळ बरोबर, वेळ चुकीची: जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या अडचणी

वेबपानावर एक बटण ठेवले, ते दाबल्यावर संदेश दिसावा म्हणून जावास्क्रिप्टच्या चार ओळी लिहिल्या, पान उघडले, बटण दाबले आणि काहीच घडले नाही. पानावर चूक दिसत नाही, सूचना येत नाही, ब्राउझर आपला गप्प. नव्याने शिकणाऱ्याला सर्वांत जास्त हैराण करते ती ही शांतता, आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे. पान पाहायला आलेल्या माणसाला कोडमधल्या चुकांशी काही देणेघेणे नसते, म्हणून ब्राउझर त्या चुका कन्सोल नावाच्या वेगळ्या खिडकीत लिहून ठेवतो. बहुतेक ब्राउझरमध्ये एफ १२ ही कळ दाबली की ही खिडकी सापडते, आणि वरच्या उदाहरणात तिथे लाल अक्षरांत 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल' असे काहीसे लिहिलेले असते (ब्राउझरनुसार शब्द थोडे बदलतात). शेजारी फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांकही असतो. (या लेखात आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, कोड लिहिताना ती अर्थातच रोमन लिपीत लिहावी लागतात.)

आता शिकणारा त्या क्रमांकाच्या ओळीवर जातो आणि तिच्यात स्पेलिंगची चूक शोधत बसतो. ती सापडत नाही, कारण बहुतेक वेळा ती ओळ अगदी बरोबर असते. चुकलेली असते ती वेळ. जावास्क्रिप्टच्या ज्या अडचणी पुन्हापुन्हा विचारल्या जातात, त्यांतल्या निम्म्याहून अधिक अडचणी मला तरी 'काय लिहिले' यापेक्षा 'ते केव्हा चालले' या प्रश्नाच्या वाटतात. एखादी ओळ नक्की कोणत्या क्षणी चालते हे एकदा डोळ्यांसमोर आले, की वरवर वेगवेगळ्या दिसणाऱ्या तक्रारी एकाच घराण्यातल्या निघतात.

बटणाचेच पाहू. ब्राउझर पानाची फाइल वरून खाली वाचतो आणि वाचता वाचता पानावरचे घटक तयार करत जातो. मध्येच साधा स्क्रिप्ट टॅग आला की तो वाचन थांबवतो, ती स्क्रिप्ट पूर्ण चालवतो आणि मगच पुढे सरकतो. स्क्रिप्ट पानाच्या माथ्यावर, म्हणजे हेड भागात असेल, तर ती चालते त्या क्षणी खालचे बटण अजून तयारच झालेले नसते. घटकाच्या आयडीवरून तो शोधणारी 'गेटएलिमेंटबायआयडी' ही आज्ञा बटण शोधते, ते न सापडल्यामुळे 'नल', म्हणजे 'काहीच नाही', परत करते, आणि त्या 'नल'ला आपण क्लिक ऐकायला सांगतो, म्हणून लाल ओळ उमटते. उपाय सोपा आहे. बाहेरच्या फाइलमधून घेतलेल्या स्क्रिप्टच्या टॅगमध्ये 'डिफर' हा शब्द लिहिला, की फाइल मागच्या मागे उतरवली जाते आणि पान वाचून झाल्यावरच चालते. अशा अनेक फाइली असल्या तरी त्यांचा क्रम बिघडत नाही. मॉड्यूल म्हणून जोडलेली स्क्रिप्ट आपोआप याच पद्धतीने वागते. 'एसिंक' हा शब्द मात्र याचा पर्याय समजू नये. तो लावलेली फाइल उतरवून झाली की लगेच चालते, मग पान अर्धे वाचलेले असो की पूर्ण, आणि दुसरी फाइल आधी आलेली असो की नसो. इंटरनेटचे जाळे जलद असले की काम होते आणि मंद असले की होत नाही, असा लपंडाव दिसला तर आधी हा शब्द तपासावा.

'नल' येण्याचे दुसरे कारण किरकोळ आहे, पण ते तासभर खाऊ शकते. घटक शोधणाऱ्या 'क्वेरीसिलेक्टर' या दुसऱ्या आज्ञेला आयडी देताना आधी हॅशचे चिन्ह लागते, तर 'गेटएलिमेंटबायआयडी'ला ते चालत नाही. आणखी एक सवय टाळावी असे मी म्हणेन. २०२० साली भाषेत प्रश्नचिन्ह आणि टिंब यांची एक जोडी आली. ती वापरली की डावीकडे 'नल' असताना एरर येत नाही, पुढचे काम गुपचूप सोडून दिले जाते. एखादी गोष्ट खरोखरच कधी असते आणि कधी नसते, तिथे ही सोय उत्तम आहे, पण लाल ओळ घालवण्यासाठी ती लावली तर ताप मोजण्याऐवजी थर्मामीटर फोडल्यासारखे होते.

क्लिक ऐकण्याच्या बाबतीत वेळेची आणखी एक फसगत नेहमी होते. 'ॲडइव्हेंटलिसनर'ला फंक्शन देताना नावापुढे कंस लिहिले जातात, आणि मग पान उघडताच संदेश दिसतो, बटण दाबल्यावर मात्र काही होत नाही. फंक्शनचे नुसते नाव देणे म्हणजे 'क्लिक झाल्यावर हे करा' असा निरोप ठेवणे, आणि कंस लावणे म्हणजे निरोप न ठेवता ते काम तिथल्या तिथे उरकून टाकणे. मग ब्राउझरच्या हाती निरोपाऐवजी त्या कामाचा निकाल पडतो, जो बहुधा 'अनडिफाइन्ड' असतो. फंक्शनला काही माहिती द्यायचीच असेल तर त्याला दुसऱ्या छोट्या ॲरो फंक्शनमध्ये गुंडाळावे.

पान तयार झाल्यानंतर जन्मलेल्या घटकांचे दुखणेही याच जातीचे आहे. कामांच्या यादीत प्रत्येक नोंदीपुढे 'काढून टाका' असे बटण आहे, आणि सुरुवातीच्या नोंदींची बटणे चालतात, पण वापरणाऱ्याने नव्याने घातलेल्या नोंदीचे बटण दाद देत नाही. याचे कारण असे की आपण ज्या क्षणी सगळ्या बटणांना क्लिक ऐकायला सांगितले, त्या क्षणी हे बटण नव्हते. इथे प्रत्येक नव्या बटणाला पुन्हा सांगत बसण्यापेक्षा यादीच्या बाहेरच्या घटकालाच एकदा सांगावे. क्लिक आतल्या घटकापासून बाहेरच्या घटकांकडे वर वर चढत जातो, त्यामुळे यादीला तो कळतोच, आणि इव्हेंटमधल्या 'टार्गेट'वर 'क्लोजेस्ट' वापरून कोणते बटण दाबले गेले तेही समजते. फॉर्मच्या बाबतीत 'सगळे एक क्षण दिसते आणि पुसले जाते' ही तक्रार असेल, तर फॉर्म सादर होऊन पान पुन्हा उघडले आहे असे समजावे. फॉर्ममधले बटण, वेगळा प्रकार सांगितला नाही, तर सादर करण्याचेच बटण असते. ब्राउझरला त्याची नेहमीची कृती करू न देणारी 'प्रिव्हेंटडिफॉल्ट' ही आज्ञा हा त्यावरचा नेहमीचा उपाय आहे.

इथून पुढचे समजण्यासाठी जावास्क्रिप्टचा एक मूळ स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. पानावरची जावास्क्रिप्ट एका वेळी एकच काम करते. हाती घेतलेले काम संपेपर्यंत ती दुसऱ्याकडे पाहत नाही, क्लिक, वेळेचे गजर, सर्व्हरची उत्तरे सगळी रांगेत थांबतात, आणि पानाचे चित्र नव्याने रंगवण्याचे कामही तोवर थांबते. समजा, एका फंक्शनच्या पहिल्या ओळीत आपण पानावर 'कृपया थांबा' असे लिहिले, पुढे पाच सेकंद चालणारे मोठे आकडेमोडीचे लूप फिरवले आणि शेवटी 'झाले' असे लिहिले. वापरणाऱ्याला 'कृपया थांबा' कधीच दिसत नाही. पाच सेकंद पान गोठते आणि मग थेट 'झाले' दिसते. पहिली ओळ चालली होती, घटकातला मजकूर बदललाही होता, पण तो पडद्यावर रंगवण्याची संधी ब्राउझरला फंक्शन संपल्यावरच मिळाली, आणि तोवर मजकूर पुन्हा बदललेला होता. म्हणून जड काम लहान तुकड्यांत विभागून मध्ये ब्राउझरला श्वास घेऊ द्यावा, किंवा ते वेब वर्करकडे सोपवावे, जो पानापासून अलग चालतो.

याच रांगेमुळे 'सेटटाइमआउट'ला शून्य मिलिसेकंद दिले तरी त्यातले काम लगेच होत नाही. ते हातातले सगळे काम संपल्यावर होते. सर्व्हरकडून माहिती आणणाऱ्या 'फेच'चेही असेच आहे. फेच माहिती परत करत नाही, ती आणून देण्याचा वायदा परत करते, आणि त्या वायद्याचे नावच प्रॉमिस आहे. फेचच्या पुढच्याच ओळीत माहिती छापायला गेले की कन्सोलमध्ये 'प्रॉमिस' आणि 'पेंडिंग' हे शब्द दिसतात. भाषेच्या २०१७ च्या आवृत्तीत आलेल्या 'अवेट'ने हे काम खूपच सुकर केले: 'एसिंक' म्हणून घोषित केलेल्या फंक्शनमध्ये वायद्यापुढे 'अवेट' लिहिले की ते फंक्शन तिथे थांबते, पान मात्र थांबत नाही. (स्क्रिप्ट टॅगमधला 'एसिंक' आणि हा 'एसिंक' यांचा एकमेकांशी संबंध नाही, नावे ठेवणाऱ्यांनी शिकणाऱ्यांचा विचार केला नसावा.) मात्र ॲरेवर 'फॉरईच' चालवून त्याच्या आत 'अवेट' लिहिल्यास फॉरईच कुणासाठीही थांबत नाही, सगळी कामे सुरू करून देते आणि पुढे जाते. एकामागून एक थांबत जायचे असेल तर 'फॉर ऑफ'चे लूप वापरावे, आणि सगळी कामे एकदम सुरू करून शेवटी एकत्र थांबायचे असेल तर 'प्रॉमिस.ऑल' वापरावे.

फेचविषयी आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे. मागितलेले पान नसल्याचा ४०४ हा किंवा सर्व्हरच कोलमडल्याचा ५०० हा निकाल आला तरी फेचच्या दृष्टीने काम यशस्वीच असते, कारण उत्तर तर आले. ते नकाराचे होते एवढेच. वायदा मोडतो तो संपर्कच झाला नाही तर. त्यामुळे वायदा मोडल्यावर चालणाऱ्या 'कॅच'वर विसंबून न राहता उत्तरातला 'ओके' हा गुण आपण स्वतः तपासावा. तो न तपासता थेट जेसन (माहिती धाडण्याची एक ठरावीक मांडणी) वाचायला गेल्यास 'अनएक्स्पेक्टेड टोकन' यासारखी एरर येते, आणि तिच्यात बऱ्याचदा < हे चिन्ह दाखवलेले असते. ते चिन्ह दिसले की जेसनमध्ये स्वल्पविराम शोधू नये. सर्व्हरने माहितीऐवजी चूक झाल्याची सूचना देणारे एचटीएमएलचे पान धाडले आहे आणि आपण त्याचे पहिलेच अक्षर वाचून अडखळलो आहोत, असा त्याचा सरळ अर्थ असतो. 'कोर्स'ची, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरकडून माहिती घेण्याच्या नियमांची, एरर असेल तर आपल्या जावास्क्रिप्टमध्ये काही बदलून ती जात नाही. दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरने आपल्या पानाला उत्तर वाचायची परवानगी दिली पाहिजे, आणि ती तिकडूनच मिळते.

वेळेचा सर्वांत चकवणारा प्रकार मला स्वतःला एका शोधाच्या चौकटीने शिकवला. वापरणारा अक्षरे टाइप करत जाई, प्रत्येक अक्षरागणिक सर्व्हरकडे विचारणा जाई आणि आलेली यादी खाली दिसे. माझ्या संगणकावर सगळे ठीक होते. वापरणाऱ्यांची तक्रार अशी होती की 'कावळा' लिहिले तरी कधीकधी 'क'ने सुरू होणाऱ्या सगळ्या शब्दांची यादी दिसते. कोडमध्ये चूक दिसेना. शेवटी ब्राउझरच्या नेटवर्कच्या पानावर, जाळ्याचा वेग मुद्दाम कमी करून, विचारणा आणि उत्तरे यांचा क्रम पाहिला तेव्हा उलगडा झाला. 'क'ची यादी भली मोठी असल्याने तिचे उत्तर यायला उशीर लागे. 'कावळा'चे छोटे उत्तर आधी येऊन यादीत दिसे आणि त्यानंतर मागून आलेले 'क'चे उत्तर त्यावर जाऊन बसे. विचारणा ज्या क्रमाने गेल्या त्याच क्रमाने उत्तरे येतील, हे मी न तपासता गृहीत धरले होते. उपाय दोन आहेत. प्रत्येक विचारणेला चढता क्रमांक द्यावा आणि उत्तर आल्यावर तो सर्वांत ताजा नसेल तर ते टाकून द्यावे, किंवा नवी विचारणा करण्याआधी 'ॲबॉर्टकंट्रोलर' वापरून जुनी रद्द करावी. टाइप करणे थांबल्यावर ३०० मिलिसेकंद वाट पाहून मगच विचारणा धाडण्याची पद्धतही चांगली आहे, तिने सर्व्हरवरचा भार हलका होतो, पण तिने हा दोष फक्त विरळ होतो, जात नाही; आणि विरळ झालेला दोष पकडणे अधिक अवघड असते.

लूपमधल्या 'व्हार'ची जुनी तक्रारही वेळेचीच आहे. शून्यापासून चारपर्यंत फिरणाऱ्या लूपमध्ये पाच बटणांना क्लिक ऐकायला सांगितले, आणि कोणतेही बटण दाबले तरी ५ हाच आकडा दिसतो. 'व्हार'ने बनवलेले व्हेरिएबल साऱ्या लूपला मिळून एकच असते, आणि कुणी बटण दाबेपर्यंत लूप संपून त्याची किंमत ५ झालेली असते. 'लेट' लिहिले की प्रत्येक फेरीला स्वतःचे व्हेरिएबल मिळते. ही खोड मुळात राहिलीच कशी, तर ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये १९९५ च्या मे महिन्यात या भाषेचा पहिला नमुना अवघ्या १० दिवसांत तयार केला, आणि भाषा वेबवर पसरल्यावर जुन्या गोष्टी काढून टाकणे अशक्य झाले, कारण त्यांवर उभी असलेली पाने मोडली असती. म्हणून २०१५ च्या आवृत्तीत 'व्हार' दुरुस्त न करता त्याच्या शेजारी 'लेट' आणि 'कॉन्स्ट' आणून ठेवले गेले. नवे कोड लिहिताना 'व्हार'चे कारण उरलेले नाही.

आता वेळेशी संबंध नसलेल्या अडचणी. त्यांत पहिला मान स्ट्रिंगचा, म्हणजे अक्षरांच्या माळेचा. पानावरच्या कोणत्याही चौकटीतून 'व्हॅल्यू' वाचली की हाती येते ती स्ट्रिंग, मग ती चौकट आकड्यांसाठीच राखलेली का असेना. म्हणून ५ आणि ३ यांची बेरीज ५३ होते, वजाबाकी मात्र बिनचूक २ येते, कारण अधिकचे चिन्ह स्ट्रिंगना जोडते आणि वजाचे चिन्ह त्यांना आकडा बनवून घेते. चौकट वाचताक्षणीच 'नंबर' लावून आकडा करून घ्यावा, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रिकाम्या स्ट्रिंगचा 'नंबर' शून्य येतो, त्यामुळे 'काही लिहिले नाही' आणि 'शून्य लिहिले' यांतला फरक त्याआधी तपासावा लागतो. दुसरी गोष्ट आपल्या वाचकांसाठी विशेष कामाची आहे: कुणी साध्या मजकुराच्या चौकटीत देवनागरी कळफलकाने १२ लिहिले, तर त्याचा 'नंबर' होतो 'नॅन', म्हणजे आकडा नव्हे. माणसाला जो आकडा स्वच्छ वाचता येतो तो जावास्क्रिप्टला आकडा वाटत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनमधले (मजकुरातला नमुना शोधण्याच्या सूत्रातले) अंकांचे चिन्हही फक्त इंग्रजी अंकच ओळखते. देवनागरी अंक आधी एकेक करून बदलून घ्यावे लागतात, आणि मराठीतला फॉर्म लिहिणाऱ्याने हे काम पहिल्याच दिवशी करून ठेवावे. 'नॅन' तपासताना बरोबरीचे चिन्ह वापरू नये, कारण 'नॅन' स्वतःच्याही बरोबर नसतो, त्यासाठी 'नंबर.इजनॅन' आहे. आणि तुलना करताना दोन नव्हे, तीन बरोबरीची चिन्हे लिहावीत, म्हणजे प्रकार गुपचूप बदलून तुलना होत नाही.

स्ट्रिंगच्या लांबीचेही असेच आहे. 'नमस्ते' या शब्दाची 'लेंग्थ' सहा येते, कारण पाय मोडण्याचे हलन्त चिन्ह आणि एकार हे दोन्ही वेगळे मोजले जातात. म्हणून 'जास्तीत जास्त वीस अक्षरे' अशी मर्यादा मराठी नावाला लावली तर ती वाटते त्यापेक्षा बरीच आधी संपते, आणि मर्यादेवर शब्द तोडला तर काना-मात्रा अलग पडतात.

०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, हा दोष जावास्क्रिप्टचा एकटीचा नाही. द्विमान पद्धतीत ०.१ नेमका मावत नाही, आणि त्याच मानकाने अपूर्णांक साठवणाऱ्या इतर भाषांतही तसेच घडते. रकमा सर्वांत लहान एककात, पूर्णांकांत ठेवाव्यात आणि दाखवतानाच भागाव्यात. 'सॉर्ट' काही सांगितले नाही तर आकड्यांनाही शब्द समजून लावते, म्हणून १०, ९, १ यांचा क्रम १, १०, ९ असा लागतो. तुलना करणारे फंक्शन स्वतः द्यावे. तारखांत महिने शून्यापासून मोजले जातात, हे जावाकडून उसने घेतलेले वळण आहे. वर्ष-महिना-दिवस अशी नुसती तारीख स्ट्रिंग म्हणून दिली तर ती जागतिक वेळेतली मध्यरात्र मानली जाते, पण तिलाच वेळ जोडली तर स्थानिक मानली जाते. एक दिवस मागे दिसणाऱ्या तारखांचे मूळ बहुधा इथे असते.

वापरणाऱ्याने लिहिलेला मजकूर पानावर दाखवताना 'इनरएचटीएमएल' वापरू नये, 'टेक्स्टकंटेंट' वापरावे. पहिल्यातून कुणीही पानात स्वतःचे कोड घुसवू शकतो, दुसऱ्यात ते निव्वळ अक्षरे म्हणून दिसते. शिवाय 'इनरएचटीएमएल'ला अधिक-बरोबर लावून मजकूर जोडला, तर आतले सगळे घटक मोडून नव्याने बनतात आणि त्यांना ऐकायला सांगितलेले क्लिक हरवतात. बटण आधी चालत होते, आता चालत नाही, या तक्रारीमागे ही ओळ पुष्कळदा सापडते.

चूक शोधताना बहुतेक जण 'कन्सोल.लॉग'वर भिस्त ठेवतात, तेव्हा त्याचीही एक लकब ठाऊक असावी. ऑब्जेक्ट किंवा ॲरे छापला तर कन्सोल त्याची प्रत ठेवत नाही, त्याच्याकडे बोट दाखवतो. शेजारचा छोटा त्रिकोण दाबून तो उघडला की उघडण्याच्या क्षणी त्यात जे असेल ते दिसते, छापण्याच्या क्षणी जे होते ते नव्हे. ॲरे भरलेला दिसतो, तरी त्याच ओळीत छापलेली त्याची लांबी शून्य असते, आणि माणूस चक्रावतो. त्या क्षणाची स्थिती हवी असेल तर 'स्ट्रक्चर्डक्लोन'ने प्रत करून छापावी, किंवा छापण्याऐवजी ब्राउझरच्या सोर्सेसच्या पानावर ओळीच्या क्रमांकावर क्लिक करून ब्रेकपॉइंट लावावा. मग कोड तिथे खरोखर थांबतो, सगळ्या व्हेरिएबलच्या तेव्हाच्या किमती दिसतात, आणि एकेक ओळ पुढे नेता येते. आणि बदल करूनही पानावर फरकच पडत नसेल, तर फाइलच्या पहिल्या ओळीत काहीतरी वेगळा शब्द छापून पाहावा. तो कन्सोलमध्ये उमटला नाही, तर बहुधा ब्राउझर साठवून ठेवलेली जुनी फाइलच चालवत आहे, आणि तासाभरात केलेली एकही दुरुस्ती अजून त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही.